समाधानाची वही

अहो,

तुमची समाधानाची वही चहाच्या डब्याजवळ उघडी पडली होती, म्हणून वाचली. शिबिरात शिकून आल्यापासून रोज कुणाचे तरी आभार मानता, लई छान. सोमवारी नळाचे मानलेत, पाच दिवसांनी पाणी आलं म्हणून. पहाटे उठून पिंपं काय नळानंच भरली? मंगळवारी इस्त्रीचे, शर्ट कडक झाला म्हणून. काल घरातल्या शांततेचे. ती मी गप्प बसले म्हणून होती.

मी मंगळवेढ्याला अक्काकडे चाललेय. शनिवारी पाणी येईल, चारला उठा. पीठ डब्यात आहे. नळ, इस्त्री, शांतता, तिघंही घरातच ठेवून जातेय. त्यांनाच भाकरी थापायला सांगा की.

महेश्वरी