बुडलेला दाणा

मंगळवार, दिवेलागणीला

मिरची तोडायले तेलंगणात गेलेले सगळे परतले, आमचे हेच नाई आले. आज भगतानं वाटीतल्या पाण्यात धानाचा दाणा टाकला. तरला तर येतील, बुडला तर नाई. बुडला. पुन्हा टाका म्हटलं, तर म्हणे, "देव एकदाच सांगते, बाई."

पण पेरणीआधी आम्ही बी पाण्यात टाकतो तवा तरलेलं पोचट म्हणून फेकतो, बुडलेलंच पेरतो. मग बुडलेला वाईट काऊन?

घरी सासूबाईंनी विचारलं, "तरला का, पोरी?"

"बुडला. पण भरलेला होता, सासूबाई."

त्या रोज भातात यांच्या वाट्याचीही मूठ टाकतात, आज नाई टाकली.

मीच उठून मूठभर तांदूळ पातेल्यात टाकले. सगळे दाणे तळाशी गेले.