पेल्यातला बर्फ

प्रिय दादा,

सध्या कुणी माझ्यासमोर पेल्यात बर्फ खळखळवला तरी मी जेवण सोडून उठते. आईला सांगू नकोस, ती लगेच डॉक्टरकडे धाडेल.

तुमच्या तुकडीने हिमनदीच्या पोटातून काढलेल्या बर्फाचं मोजमाप छान चाललं होतं. तू नेहमी चिडवतोस ना, की लेझर लावून पाणी मोजायला पगार कसला? अरे, बर्फाची कांडी हळूहळू वितळवायची, पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेतून किरण सोडायचा. त्यात जड पाणी किती नि हलकं किती, ते किरणच सांगतो. जड पाणी कमी, म्हणजे तो बर्फ पडला तेव्हा थंडी कडाक्याची. पडद्यावर रेघ वर चढायला लागली, की हजारो वर्षांपूर्वीची ऊब बघताना मी चहा विसरते.

सगळ्यात तळची कांडी मी शेवटी ठेवली होती. तीच, जिच्यापायी तू वादळातही छावणी सोडली नाहीस आणि करंगळी गमावून बसलास. सोमवारी प्रयोगशाळेच्या शीतगृहात गेले, तर पेटी रिकामी. रखवालदार खाली बघत म्हणाला, “सरांनी नेली. पाहुणे आले होते.”

तशीच सरांच्या खोलीत शिरले. टेबलावर उष्टे पेले, तळाशी गढूळ पाणी, त्यात सिगारेटची थोटकं. सर हसत म्हणाले, “अगं, दारूत टाकल्यावर आतली जुनी हवा काय तडतडते! पाहुणे एकदम खूश.” त्यांच्या मिशीला शेवेचा कण चिकटला होता. या माणसाला मी गुरू म्हणत होते! शिसारी आली मला.

वर म्हणतात, रेघेचं तुटलेलं टोक अंदाजाने पुढे ओढून टाक. मी साफ नाही म्हटलं. तेव्हा माझ्या खांद्यावर ओलसर हात ठेवून म्हणाले, “मग कांडी खणतानाच फुटली असं दाखवू. तुझ्या दादाच्या हातून.” घरी येऊन खांदा दोनदा साबणाने धुतला.

तसा कबुलीचा कागद ते तुला पाठवणार आहेत. सही केलीस तर पुढच्या मोहिमेत तुझी जागा पक्की म्हणे. “तुझं ऐकेल तो. पत्र टाक, समजाव त्याला,” असं मलाच फर्मावलंय. म्हणून हे पत्र. तर समजावते: सही करू नकोस. पुढच्या आठवड्यात चौकशी समितीपुढे मी उभी राहणार आहे. रखवालदारही बोलायला तयार आहे. तूही ये. नोकरी गेलीच तर दोघांची जाईल, आईच्या शिव्या अर्ध्या अर्ध्या वाटून घेऊ.

तुझीच,
भुणभुण