डाळिंबी चादर

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाबा एकदाची सोलापुरात! करकंबहून निघताना आईने लोणचं, चटणी आणि सूचना, सगळं भरभरून दिलं. सिद्रामप्पांच्या चादरींच्या कारखान्यात मी, उत्कर्षा, डिझायनर! इथली एक रीत फार आवडली. नव्या नक्षीची पहिली चादर, काठावर नाव विणून, नक्षी काढणाऱ्याच्या घरी जाते. माझी डाळिंबांची नक्षी तयार आहे. काठावर आईचं नाव, ‘रंभाबाई’, येणार. आईने जन्मभर दुसऱ्यांची जुनी पांघरुणं वापरली आहेत.

७ नोव्हेंबर
इथे मालकाच्याही वर ‘मुनीम’ आहे. म्हणजे संगणक. पुढे काय खपणार हे हेरून तोच मागांना काम लावतो. लग्नसराई, थंडी, त्याचा एकही अंदाज चुकलेला नाही म्हणे. मी डाळिंबं मागावर चढवते, हा मेला उतरवतो. आणि विणतो काय, तर नुसतं पांढरं कापड! डोकं फिरलंय माझं.

१२ नोव्हेंबर
सगळ्या मागांवर पांढरंच. जुने विणकर चन्नप्पा उठूनच गेले. म्हणाले, हे मयताचं कोरं कापड हाय पोरी, मी हात लावणार न्हाय. एवढी मागणी कुणाची, असं मुनीमाला विचारलं तर त्याने अख्ख्या शहराची लोकसंख्या दाखवली. संगणक बसवणाऱ्या कंपनीत फोन लावला. तिथला माणूस वैतागला होता. जगभरातले सगळे मुनीम हेच विणताहेत म्हणाला. मग दुरुस्त करा ना!

१७ नोव्हेंबर
गुरुवारनंतर मागणी शून्य, मुनीम म्हणतो. कशाचीच नाही. कुठेच नाही. वीज तोडली, तर त्याने जनरेटर सुरू केला. सिद्रामप्पा हात जोडून म्हणाले, तो आजवर चुकलाय का? चुकलाय की! माझी डाळिंबं —

१९ नोव्हेंबर
चन्नप्पा झोपेतून उठलेच नाहीत. त्यांची सूनही उठली नाही, शेजारीही नाहीत. गल्लीत दारं बंद. सिद्रामप्पा फोन उचलत नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आईचा फोन. मुनीमाने पार्सल पाठवलंय! आई हरखलेली. पांढरी असली म्हणून काय झालं, लई मऊ हाय, काठावर माझं नाव हाय की. मी ओरडले, फेकून दे. लेकीची पहिली चादर फेकू व्हय, म्हणाली. पांघरून जरा पडते —

फोन चालू आहे. आई बोलत नाही. आई —

माग थांबले. सगळे. एकच चालू आहे. त्यावर डाळिंबं. लाल, माझीच. आत्ता ऐकलं मेल्याने! काठावर नाव माझं, आणि मला इतकी झोप —