प्रोजेक्टरखालची वही

दादर, ३ एप्रिल

ती. सुभद्राआत्यास,

धनेशचा साष्टांग नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझे गुडघे काय म्हणतात? काजू यंदा धरले का, आणि माकडांनी त्यातले तुझ्यासाठी काही ठेवले का? फोनच केला असता, पण मी दिलेला फोन तू बॅटरी वाचावी म्हणून बंद करून ट्रंकेत ठेवतेस. (शेजारच्या लवूदादांकडे निरोप दिला होता. ते "सांगतंय रे" म्हणाले, त्याला आज बारा दिवस झाले.)

यंदा बी.एड.च्या मुलांना 'शिक्षणातील डिजिटल समानता' हा विषय मी शिकवतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी हवा तेव्हा फोन नसतो, आणि ज्याच्याकडे नाही तो मागे पडता कामा नये, हे उद्याच्या शिक्षकांना कळावं, म्हणून हा विषय. व्याख्यानं मी छान देतो, असं माझं मत आहे. फक्त आमचा प्रोजेक्टर मान खाली घालून बसायचा, त्यामुळे अर्धी समानता भिंतीवर आणि अर्धी टेबलावर पडायची. (लालबागच्या शाळेत तू एका खडूवर आठवडा काढायचीस, हे मला माहीत आहे, पुन्हा ऐकवू नकोस.) एक दिवस टेबलावर एक जाड वही दिसली, ती मी त्याच्या पुढच्या पायाखाली सरकवली. चित्र एकदम सरळ आलं. पुढे तीन आठवडे मी त्या वहीच्या जिवावर शिकवलं.

त्याच्या थोडं आधी मुलांना प्रकल्प दिला होता. परळच्या ज्या शाळेत तुम्ही सराव पाठ घेता, तिथल्या मुलांना घरी फोन कितपत मिळतो ते शोधा. प्रकल्प फक्त ऑनलाइन, ठरल्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात. शिस्त नको का? सदतीस जणांनी वेळेत पाठवला. त्यातल्या एकोणीस जणांची सुरुवात 'आमच्या दुर्गम, डोंगराळ तालुक्यात' अशी होती. परळला डोंगर कधी उगवला देव जाणे, पण वेळ पाळली म्हणून मी गुण दिले. अक्षदा नावाच्या मुलीचं काहीच आलं नाही. तिला शून्य दिलं आणि वर शेरा मारला, 'विषयाचं गांभीर्य नाही.'

पंधरा दिवसांपूर्वी प्रोजेक्टर दुरुस्तीला गेला आणि वही मोकळी झाली. वर नाव अक्षदाचं. आत सातवीतल्या चाळीस मुलांची नावं, आणि प्रत्येकापुढे घरातला फोन कोणाचा, तो घरी येण्याची वेळ काय, किती भावंडांत फिरतो. अकरा घरांत तो संध्याकाळी आठच्या आधी येतच नव्हता. त्या मुलांचं काय करायचं तेही लिहिलं होतं. व्हिडिओ शाळेतच शेवटच्या तासाला बाईंच्या फोनवर दाखवायचा, घरी फक्त वहीतलं काम. शेवटची ओळ अशी: 'हा प्रकल्प हाताने लिहिला आहे, कारण बारावं घर माझं.'

आत्या, मला फार लाज वाटली. तिला बोलावून घेतलं. ती वरळीच्या बीडीडी चाळीतली. वडील वडाळ्याला एका गोदामावर वॉचमन. ठेकेदार दर दोन तासांनी जागेवर उभं राहून काढलेला फोटो मागतो, म्हणून घरातला एकुलता एक फोन सकाळी सातला त्यांच्याबरोबर जातो आणि रात्री आठनंतरच परत येतो. मी म्हटलं, "अगं, मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "सर, सांगायलाच आले होते. तेव्हा तुम्ही वही प्रोजेक्टरखाली घालत होतात. मला वाटलं, वाचून झाली."

लगेच गुण बदलायला बसलो. गुण भरताना आमचं पोर्टल काही विचारत नाही, बदलताना मात्र ओटीपी मागतं, आणि तो जातो माझ्या जुन्या नंबरवर. नंबर बदलायला गेलो, तर त्याचाही ओटीपी त्याच जुन्या नंबरवर. ऑफिसातल्या मनवामॅडमना म्हटलं, कागदावर लिहून सही करून देतो. त्या म्हणाल्या, "सर, कागद बंद करायच्या कमिटीत तुम्हीच होतात ना?" सोळा तारखेला पोर्टल बंद होतंय. शून्य तसंच राहिलं तर तिचं वर्ष जाईल, आणि तिचे पाठ पाहून परळच्या शाळेने जूनपासून देऊ केलेली नोकरीही.

असो. उन्हाचं बागेत फिरू नकोस, औषधं वेळेवर घे. लवूदादांना नमस्कार.

तुझा,
धनेश

ता. क. तो जुना नंबर तुझ्या ट्रंकेत आहे. फोन देताना मीच ऐटीत म्हणालो होतो, 'सिमसकट घे.' बारा तारखेला सकाळी अकराला तो चार्ज करून देवळाच्या पायरीवर बस, रेंज तिथेच येते. मी इथे बटण दाबीन, तुला सहा आकडे येतील, ते दहा मिनिटांच्या आत मला फोनवर सांग. (मीच आलो असतो, पण परीक्षांमुळे रजा बंद आहेत.)

ता. क. २. हे सगळं काल अक्षदाला सांगितलं. म्हटलं, माझं काम दुसऱ्याच्या फोनवाचून अडलंय आणि तो कधी चालू होईल ते माझ्या हातात नाही. ती हसली नाही. तिने वही मागून घेतली आणि चाळीस नावांच्या खाली लिहिलं: 'धनेश सर. फोन आत्याचा.' वेळेचा रकाना तिने रिकामा ठेवला आहे.