राजमलैची करडं

प्रिय प्रार्थना,

बंगळूर तीन तासांवर असताना आईने पत्र लिहावं, याला तू हसशील. हस. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मी एकतर रडेन नाहीतर सल्ले देईन. कागदावर निदान मला थांबता येतं.

आम्ही दोघं परवा मुन्नारहून आलो. तिथे एराविकुलम नावाचं छोटंसं राष्ट्रीय उद्यान आहे. शिकारीपायी संपत आलेल्या निलगिरीच्या रानबकऱ्या तिथे जपल्यात. तुझ्या बाबांनी उभा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण ही बकरी पाहिली नव्हती. फेब्रुवारीतही गेलो होतो, तेव्हा गेट बंद! तारीख मीच ठरवलेली, नेहमीसारखी कोणालाही न विचारता. पहारेकरी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाला, बकऱ्या विण्याचे दिवस आहेत, दोन महिने आत कोणी नाही. मी भांडलेच. मैसूरहून आलोय, लांबून बघतो, मी बाळंतपण केलेली बाई, मला काय शिकवतोस! तो शांतपणे म्हणाला, माणूस मायेनेच जवळ जातो अम्मा, पण आई बिचकते आणि करडू मागे राहतं. बाबा एवढंच म्हणाले, "सुम्ने इरे, गप्प राहा, कृष्णवेणी. चल." मी रागाने घरापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

घरी आल्यावर मात्र पहारेकऱ्याचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. पोळ्या लाटताना, देवापुढे बसल्यावर, सारखं तेच. गेल्या जूनमध्ये तुला तिसरा लागला आणि मी चोरओटी भरायला निघाले. चोरओटी म्हणजे घरातल्या चार बायकांनी गुपचूप भरायची. मी बावीस बायका बोलावल्या. लष्कर मोहल्ल्यातल्या अंबाबाईंना तर रिक्षा पाठवली. तू स्वयंपाकघरात माझा हात धरून नको म्हणालीस आणि मी म्हटलं, आनंद कोणी लपवतं का? पंधरा दिवसांनी सगळं संपलं. मग त्याच बावीस जणी एकेक करून सांत्वनाला आल्या, आणि मी प्रत्येकीला तुझ्या खोलीत घेऊन गेले. चहासुद्धा तिथेच दिला. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, ते मला आत्ता दिसतंय, तेव्हा दिसलं नाही. बाळ गेलं ते माझ्यामुळे नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंय. पण तुला एकटीने रडू दिलं नाही, ते मात्र मीच. चुकलं गं माझं. फार चुकलं.

या खेपेला गेट उघडं होतं. उद्यानाच्या बसने वर राजमलैला नेलं, पुढे चढणीचा रस्ता चालायचा. धुकं सरलं तशी खडकावर एक बकरी दिसली, आणि तिच्या पोटाशी दोन महिन्यांचं करडू. धडपडत होतं, पडत होतं, परत उठत होतं. लोक मोबाइल घेऊन पुढे सरकले. मी कठड्याशी बसून राहिले. बाबांनी दोनदा वळून पाहिलं, माझी तब्येत बरी आहे ना म्हणून. शेवटी माझ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "वेणी, तुला एक सांगू? पण ओरडायचं नाही."

तुला सहावा लागलाय. जावईबापूंनी हे बाबांना फेब्रुवारीतच कळवलं होतं, मला न सांगण्याच्या बोलीवर. म्हणजे मी त्या गेटवर तावातावाने भांडत होते, तेव्हा या माणसाला सारं ठाऊक होतं! मी ओरडले नाही. पदरात तोंड घालून मनसोक्त रडले, आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. तू बरी आहेस, बाळ बरं आहे, मला आणखी काही नको. बाबांना सांगितलं म्हणून साकेतवर रागावू नकोस. मी येणार नाही, डिंकाचे लाडूही पाठवणार नाही. बोलावशील तेव्हा येईन, नाही बोलावलंस तरी चालेल. पत्र लिहिलं ते एवढंच सांगायला, की मला कळलंय आणि ते माझ्याजवळच राहिलंय. काल वेदवतीमावशीने खोदूनखोदून विचारलं, प्रार्थनाकडे काही विशेष? मी म्हटलं, काही नाही गं, ऑफिसचं काम फार आहे तिला. सख्ख्या बहिणीशी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि रात्री छान झोप लागली.

तुझीच, आता जरा गप्प राहायला शिकलेली,
आई