बियांसाठी राखलेलं फूल

आई, आज सकाळी यंदाचं पहिलं फूल उमललं. गच्चीवरच्या कुंडीत, पाण्याच्या टाकीच्या सावलीला. फिकट गुलाबी, मधे गडद ठिपका, आणि कडा तशाच, कातण्याने कापलेल्या करंजीसारख्या. पाकिटावर त्याचं नाव डायन्थस असं होतं, पण तू ते कधी घेतलं नाहीस. तू त्याला लवंगेचं फूल म्हणायचीस. मीही अजून तेच म्हणते, आणि म्हणताना दर वेळी जरा अडखळते.

बी तुला नर्सिंगच्या ट्रेनिंगमधल्या मैत्रिणीने धाडलं होतं. नागपूरच्या त्या दवाखान्याच्या अंगणात मेट्रनबाईंनी लावलेल्या या फुलांचा वास तू आम्हाला कितीदा वर्णन करून सांगितला होतास. एटापल्लीच्या क्वार्टरमध्ये तू तेलाचा पिपा आडवा कापलास, बुडाला भोकं पाडलीस, नदीची रेती आणलीस, मोहाखालचा कुजलेला पाला चाळून त्यात मिसळलास. दसरा नुकताच झाला होता. काळं, चपटं, कलौंजीएवढं बी तू बोटाने दाबलंस आणि त्यावर रेतीचा पातळ थर दिलास. महिन्याभरात राखाडी-हिरवे झुपके आले, आणि तेवढ्यावरच थांबले. सारा हिवाळा एक कळी नाही. जंगलातल्या गावाहून औषधाला येणारी ती म्हातारी, तुझी लाडकी, पिप्यापुढे उकिडवी बसते आणि हसत सुटते.

"बाई, हे गवत काऊन जपून राह्यल्या जी? आमच्या बांधावर लय हाय. गाडीभर आणून देतो."

"वास येईन तवा बोलजो," तू म्हणतेस.

"गवताले वास येते, बाई. बैलाले विचारा."

तूही हसलीस. पण उन्हाळ्यात तो पिपा तू रांजणाच्या आडोशाला, उत्तरेच्या भिंतीशी नेलास. पाणी फक्त सकाळी, तेही बेताने. मी प्रेमाने जास्त ओतलं की ओरडायचीस, "पायाशी ओल राह्यली का सडते हे. किती सांगू?" अर्धी रोपं उन्हात गेली, काही पावसात. उरलेली दुसऱ्या हिवाळ्यात फुलली.

सगळ्यांना वास नव्हता. शेजारी शेजारी उगवलेली, एकाच पाकिटातली, पण काही नुसतीच रंगाची. ज्यांना होता त्यांचा मात्र दारापर्यंत यायचा. तू गावांच्या फेरीवरून यायचीस, पांढऱ्या साडीचा काठ धुळीने लाल झालेला, आणि चपला न काढताच पिप्यापाशी बसायचीस. डोळे मिटून. "दिवसभर फिनाईलच नाकात राह्यते," म्हणायचीस. तेवढी पाच मिनिटं कोणी तुला हाक मारायची नाही, असा घरात न सांगता नियम झाला होता.

तो एकच हिवाळा तुला मिळाला. पुढच्या पावसाळ्यात तुला ताप आला, ज्याच्या गोळ्या तू वस्त्यावस्त्यांतून वाटत होतीस तोच. नदीला पूर होता आणि जीप अलीकडेच थांबली. याहून जास्त मला अजूनही लिहिता येत नाही.

बाबांनी तोवर त्या झाडांना हात लावला नव्हता. लाकडाच्या डेपोत आयुष्य गेलेला माणूस, फुलाला काय करणार? पण थंडी पडली आणि ते रोज सकाळी पिप्यासमोर वाकू लागले. एकेक फूल हुंगायचे. वासाचं सापडलं की तोडायचे आणि बुद्धाच्या फोटोशेजारी तुझा फोटो होता, त्यापुढे ठेवायचे. बिनवासाची तशीच झाडावर राहायची, सुकायची, त्यांच्या बोंडांत बी धरायचं. तेच बी ते जपून पुढच्या दसऱ्यानंतर पेरायचे. मी चंद्रपूरला बी.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी आले की दर हिवाळ्यात वास कमी वाटायचा. आधी मला वाटलं, तिथला उन्हाळा. मग एका सकाळी बाबांना फुलं निवडताना पाहिलं आणि कळलं.

"बाबा, वासवालं फूल झाडावरच राहू द्या. त्याचंच बी धरा लागते."

"मंग तुह्या मायले बिनवासाचं वाहू?"

"थोडे दिवस."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. "तिले समजन," म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वासाच्या उरलेल्या एकुलत्या झाडाला त्यांनी लाल दोरा बांधला होता. त्या झाडाकडे ते रोज बघायचे आणि वाकायचे दुसऱ्याच झाडांवर. फोटोपुढे नुसत्या रंगाचं फूल ठेवताना त्यांची मान जराशी खाली जायची. मला ते बघवत नव्हतं, आणि मीच ते सांगितलं होतं.

माघ पौर्णिमेला वस्तीतल्या बाया आपल्याकडे वंदनेला येणार होत्या. आदल्या संध्याकाळी गारा पडल्या. सकाळी अंगणात सगळ्या फुलांचा लगदा. दोऱ्याचं झाड तेवढं पिप्याच्या भिंतीकडच्या कडेला, वळचणीखाली होतं, त्याच्यावर एकच फूल, ताजं. बाबा रिकामं ताट धरून उभे होते.

"राहू दे," ते म्हणाले. "आज मेणबत्तीच लावू."

मी गेले आणि ते फूल तोडलं.

"काऊन तोडलं वो? बी पाहिजे होतं ना तुले?"

"तिले समजलं असतं, बाबा."

ते झाड त्यानंतर पुन्हा फुललं नाही. उन्हाळ्याने नेलं. मी पुष्कळदा विचार केला आहे की तेव्हा मी बाबांसाठी तोडलं, तुझ्यासाठी, की बाया येणार म्हणून. उत्तर दर वेळी वेगळं येतं. पण ते फूल मी परत झाडावर ठेवलं असतं का, असं स्वतःला विचारलं तर एकदाही हो म्हणता आलेलं नाही.

बाबा शेवटपर्यंत रोज वाकून हुंगत राहिले. ते गेल्यावर बी मी इथे, या गच्चीवर आणलं, आणि दसरा झाला की पेरते. नर्सरीवाला म्हणतो, "मॅडम, सुवासिक जातीचं पाकीट येते आता, मागवून देऊ का?" मी दर वर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणते. खरं कारण त्याला सांगण्यासारखं नाही. त्या फुलांना वास आलाच, तर तो तोच आहे की नाही हे मला कळणार नाही. स्वयंपाकघरात लवंगांचा डबा उघडून मी नाक घालते, आणि काहीच आठवत नाही. आठवतात ते तुझे मिटलेले डोळे आणि न काढलेल्या चपला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. दर वर्षी मी पहिलं फूल आधी हुंगते, वास नसतो, मग तुझ्या फोटोपुढे ठेवते. आज नाही हुंगलं. तोडलं, आणि नाकापासून लांब धरून जिना उतरले.