शिवराम दिसू नये म्हणून कुंती

६ जुलै, सकाळी ७
निर्णय पक्का. शेजारच्या शिवरामच्या आणि आमच्या अंगणांच्या मध्ये नुसती तार आहे, ती पुरेशी नाही. बावीस वर्षं रोज सकाळी त्या तारेवरून त्याचा चहा प्यायलो, आणि काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये गार्डन कमिटीसाठी साहेबांनी हात वर केला तो माझ्याऐवजी तानाजीसाठी! वर म्हणाला, ह्याला झाडांतलं काही कळत नाही. आता कळेल. कुंतीचं हेज लावणार. बारा महिने हिरवं, दाट. वर्षभरात त्याचं तोंड दिसणं बंद.

७ जुलै
शहाड स्टेशनजवळच्या नर्सरीतून पंधरा रोपं आणली. नर्सरीवाला म्हणाला, दीड फुटावर लावा. मी अर्ध्या फुटावर लावली. दाट म्हणजे दाट. ठाण्याच्या कोर्टात तीस वर्षं फायली सांभाळल्यात, पंधरा झाडं काय!

संध्याकाळी
तार बावीस फूट. झाडं साडेसात फुटांतच संपली. उरलेल्या भागातून शिवराम स्पष्ट दिसतो.

९ जुलै
सगळी उपटून दीड फुटावर लावली. चहा सध्या घरचाच. बायको आलं घालत नाही. तक्रार नाही.

१५ ऑक्टोबर
कटिंग केलं. डावीकडे जास्त कापलं गेलं म्हणून उजवीकडे कापलं, मग परत डावीकडे. उंची आता गुडघ्याएवढी. शिवराम पलीकडून बघत होता. हसला नाही. मुद्दाम.

१० डिसेंबर
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून पाणी घालणे. उद्यापासून.

११ डिसेंबर, सकाळी ९
थंडी होती. तरी जाऊन माती चाचपली, तर ओली! दव. म्हणजे कुंतीला पाणी लागतच नाही. निरीक्षण हवं माणसाला.

२० फेब्रुवारी
छातीपर्यंत! तानाजीसुद्धा थांबून बघून गेला. बायको, माया, म्हणते, अहो, शिवरामभाऊ रोज पहाटे पाइप लावतात, शेणखतपण त्यांनीच घातलं. म्हटलं, त्याच्या झाडांचं इकडे सांडत असेल. लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

४ एप्रिल
शिवराम मुलाकडे, सम्यककडे, बाळकुमला राहायला गेला. कायमचा. माया निरोप द्यायला गेली. मी अंगणात खुर्चीत बसून होतो. हेजमुळे काही दिसलं नाही, फक्त टेम्पोचा आवाज आला. बरं झालं. आता फुल प्रायव्हसी.

२८ एप्रिल
पानं पिवळी. ग्लोबल वॉर्मिंग.

११ मे
नुसत्या काड्या उरल्यात. पलीकडचं सगळं आरपार दिसतं. दाराला कुलूप. सकाळपासून चार वेळा पाहिलं. करमत नाही, असं माया म्हणते. तिला करमत नसेल.

१२ मे
बाळकुमला जाऊन आलो. केवळ टेक्निकल सल्ल्यासाठी. दोन रिक्षा, एक बस, पिशवीत वाळकी फांदी. चौदाव्या मजल्यावर शिवरामनेच दार उघडलं. फांदी मोडून पाहिली आणि विचारलं, पाणी शेवटचं कधी घातलंस रे?
म्हटलं, ते तू घालायचास ना.